वस्तीनं दिलेली परीक्षा

ये बाप्पा, बस इथं बाकड्यावर. वस्तीत जायचं म्हनते ना तू? मंग ऊन उतरू दे थोडं. चहा ठेवला हाये, तो उकळते तवरक तुले जानरावाची गोष्ट सांगतो. हसू येईन तिथं हस, पन मधातून उठू नको. ही गोष्ट अर्धी आयकून गेलेला मानूस जानरावाले येडा समजते, अन तो येडा नाही.

आसेगावापासून कोसभर आत, नाल्याच्या काठी ही वस्ती. सारे बौद्ध लोक. कोनाचं थोडंसं वावर, बाकीचे मजूर, एखाददुसरा नोकरीवाला. जानराव म्हंजे वस्तीतला मोठा मानूस, वयानं अन आवाजानं. त्याले स्वतःले अक्षर येत नव्हतं, पन शिक्षनाचा मान त्याच्याएवढा कोनीच ठेवला नाही. पोरायच्या परीक्षेच्या दिवसात वस्तीत कोनी भांडन काढलं का हा काठी घेऊन हजर. "पोरायचे पेपर चालू हायेत. भांडाभांडी काय करायची ते मे महिन्यात करा!" अन लोक खरंच थांबत. मे महिन्यात परत सुरू करत.

त्याचा पोरगा शेषराव मास्तर झाला. तिकडं दूर पोहरादेवीच्या अंगाले एका गावात शिकवे, सुटीले घरी ये. त्याची बायको लिलाबाई सासूसासऱ्यापाशी राहे. सातवी शिकलेली पोरगी, अन जानराव तिच्या मागं लागला होता का बाहेरून मॅट्रिकले बस. भागिरथा, जानरावाची बायको, चिडे. "भाकर करपून राह्यली अन तुमची सून चुलीसमोर इतिहास वाचून राह्यली!"

"करपू दे," जानराव म्हने. "करपलेली भाकर मी खातो. इतिहास तू खाशीन का?"

बहात्तरचं साल कोरडं गेलं, ते तुले तुह्या बापानं सांगतलं असन. वस्तीले पानी म्हंजे नाल्यातला झिरा. झिरा म्हंजे रेतीत खोदलेला खड्डा. तळाशी पानी पाझरते, ते वाटीवाटीनं गुंडात भरा लागते. उन्हाळा चढला का पानी खाली जाते, मंग खड्डा अजून खोदा लागते. त्या साली त्यात मानूस उतरला का वरून त्याची टोपीबी दिसत नव्हती. सासूचे गुडघे गेलेले, म्हनून खाली उतरे ते लिलाबाई. भागिरथा वर उभी राहून गुंड ओढे. जानरावाचा जीव त्या खड्ड्यात अडकलेला. रोज सकाळी एकच सांगनं: "लिले, भिताडाले पाठ टेकू नको. रेतीचा भरोसा नसते."

"नाही टेकत मामाजी."

त्याले एकच गोष्ट पायजे होती. वस्तीत हापशी. दांडा हालवला का पानी बाहेर, कोनाले खाली उतराचं काम नाही. तालुक्याले अर्ज देऊन झाले, पुढाऱ्याच्या मागं फिरून झालं.

त्या फागुनात एक दिवस दोन पोट्टे वस्तीत आले. पोट्टे म्हंजे एक पोरगी अन एक गोरा. पोरगी नागपूरची, सुगंधा नाव. दारात येताच "जयभीम" म्हनली, तिथंच जानराव अर्धा पाघळला. दिल्लीले मोठ्या कॉलेजात होती म्हने. देशादेशायचा कारभार कसा चालते, कोनता देश कोनाले मदत करते, काहून करते, ह्याचं शिक्षन. गोरा तिच्याच वर्गातला, लांबच लांब. घरात शिरताना त्याचं डोकं चौकटीले असं आदळलं का भागिरथा म्हने, "वाका साहेब, वाका! हे घर तुमच्या मापानं नाही बांधलं." त्याले समजलं काही नाही, पन हसला. मांडी घालता येईना, त दोन्ही पाय समोर सोडून बसला. बाया पदर तोंडात घालून हसू लागल्या.

सुगंधानं नीट समजावून सांगतलं होतं. तिचा काही दोष नाही त्यात. म्हने, "बाबा, परदेशातली एक संस्था आहे. ती दुष्काळी गावात हापशा बसवून देते. कुठल्या वस्तीला जास्त गरज आहे, ते आम्ही पाहून संस्थेला सांगायचं. हाच आमच्या शिक्षणाचा शेवटचा भाग. वर्गात बसून लिहायचं नाही, संस्थेचं काम खरोखर करून द्यायचं. त्यावरच आमची परीक्षा. परवा सकाळी येतो, घराघरात बसून बोलू."

परीक्षा! हा शब्द जानरावाच्या कानात शिरला, अन आंधीचं सारं बाहेर निघून गेलं.

सांजच्याले विहाराच्या ओट्यावर सारे जमले. भागिरथेनं सरळ इचारलं, "हापशी ह्या पोट्ट्यायच्या हातात हाये का?"

पंजाबराव म्हनून एक बुढा होता. रस्त्याच्या कामावर ठेकेदारापाशी राह्यलेला, म्हनून सरकारातलं सारं त्याले समजते असं लोक धरून चालत. तो म्हने, "अव बाई, हापशी देनारे साहेब जीपमंधी येतात. संग इंजिनेर असते, डब्यात जेवन असते. हे पायी आले. हे परीक्षेवाले हायेत. साहेब मागून येतीन."

"मंग ह्यायले काय सांगायचं?"

जानराव उठून उभा राह्यला. "काय सांगायचं म्हंजे? शाळा तपासाले दिपोटी साहेब आला का मास्तर काय करते? शाळा सारवते, पोरायले तेल लावून रांगेत बसवते, येत नाही त्याले मागं लपवते. दिपोटीनं चांगलं पाह्यलं का मास्तरले चांगला शेरा. मंग इथं वस्तीच शाळा हाये. आपली पोरगी दिल्लीवरून परीक्षा द्याले आपल्या दारात आली. तिले आपल्या दारात नापास होऊ देता का?"

कोन हो म्हनन त्याले? साऱ्या वस्तीचे डोळे भरून आले. आपल्यातली पोरगी, गोऱ्याच्या बरोबरीनं चालून राह्यली!

"अन रांजन?" भागिरथा म्हने. "घरोघरी रांजन कोरडे. ते बी मागं लपवता का?"

जानराव ओट्यावरून उतरला. मंग पायात जोडा घालून रंगराव माळ्याकडं गेला.

हे सोपं नव्हतं, बरं का. रंगरावाची विहीर नाल्याच्या वरच्या अंगाले, वांगे अन मेथीच्या वाफ्यात. पहिले वस्तीच्या बाया तिथं जात अन माळ्याच्या बाया वरून पानी ओतून देत, दोराले हात लावू देत नव्हते. धर्म बदलला तवा वस्तीनं ठरवलं का असं ओंजळ धरून पानी घेनं नाही. तवापासून कोनी गेलं नव्हतं. रेती खोदली, पन गेलं नाही. अन आता जानराव गेला. सोतासाठी नाही गेला.

रंगराव एक नंबरचा कंजूस. वांगं विकताना देठ मोजे. त्यानं सारं आयकून घेतलं. "परीक्षा हाये? त्या पोरीची?"

"हो."

"माही पोट्टी चौथीतच बसून हाये, बाकाले मुळं फुटले तिच्या." रंगरावानं डोकं खाजवलं. "बरं, एखादी तरी होऊ दे पास. बैलबंडी घेऊन जा, ड्रम बी घेऊन जा. उद्या वांग्यायले उपास."

दुसऱ्या दिवशी दिवसभर बंडी चालली. रंगरावाची बायको हौसाबाई स्वतः दोर ओढू लागली, अन एकटीनं ओढवेना तवा भागिरथेले म्हने, "धर ना व दुसरं टोक. पाह्यत काय राह्यली?" भागिरथेनं धरलं. इतक्या वर्सात पहिल्यांदा. अन पानी वर आलं. घरोघरी रांजन काठोकाठ भरले. आंगन सारवले, पोरायचे तोंडं घासले, जिच्याकडं चांगलं लुगडं नव्हतं तिनं शेजारनीचं नेसलं.

सुगंधा आली अन पाहतच राह्यली. ज्या घरात जाय तिथं भरलेला रांजन, वर झाकन, झाकनावर चकचकीत गडवा.

"पाणी कुठून आणता मावशी?"

"हे इथूनच."

"किती वेळ लागतो?"

"गेलं का आलं."

"उन्हाळ्यात पुरतं?"

"उरते माय, उरते!"

खोटं बोलताना बाया अशा फुलल्या होत्या, जशी सोयरीक जमवून राह्यल्या. गोरा लिहून घे. पोरगी इचारे, त्याले त्याच्या भाषेत सांगे. मंग म्हने, विहीर पाहायची. नेली रंगरावाच्या विहिरीवर. तिथं हौसाबाई अन भागिरथा, दोघीच्या हातात एकच दोर. सुगंधा तिथं थबकली. तिचे डोळे पान्यानं भरले. ते पोरगी नागपुरात वाढली होती तरी असं तिनं पाह्यलं नसन. "हे नेहमीच असं?" तिनं इचारलं. रंगराव छाती काढून म्हने, "मंग! इथं कोनालेच मनाई नाही." गोऱ्यानं फोटो घेतला. त्यातलं काहीच रोजचं नव्हतं, पन त्या दिवसापुरतं खोटंबी नव्हतं. असं हाये पाहा ते.

दुपारी जानरावाच्या घरी भाकरी खाऊन ते पोरगी मागच्या दारी पाय धुवाले गेली. टाचेले फोड आले होते. लिलाबाई पानी ओतू लागली. एक गडवा ओतला, दुसरा ओतला, तिसरा. जानराव ओट्यावर दोर वळत बसला होता, त्याले सारं आयकू ये.

सुगंधा हळूच म्हने, "ताई, आता आपण दोघीच आहोत. खरं सांगा. पाण्याचा काहीच त्रास नाही?"

लिलाबाई थांबली. मंग तिनंच उलटं इचारलं, "तुमचा पेपर खराब गेला त तुमाले परत वर्सभर बसवतीन का?"

पोरगी थकली होती, हसली. गंमतीनं म्हने, "बसवतील की! आमचे सर फार कडक आहेत."

लिलाबाईनं मान वळवून सासऱ्याकडं पाह्यलं. जानरावाच्या मनात आलं का सांगावं, पोरी, चल, तुले झिरा दाखवतो. जिभेवर आलं त्याच्या. पन त्यानं खाली दोराकडं पाह्यलं अन पीळ घालत राह्यला.

"तरास कायचा ताई?" लिलाबाई म्हने. "पाहा ना, पायावर ओतून राह्यली मी."

जाताना सुगंधानं तिले गळ्याले लावलं. म्हने, "तुम्ही मॅट्रिकला बसा, मी येईन पेढे घेऊन." "पहिले तुमचे पेढे खाऊ द्या," लिलाबाई म्हने. मंग ते दोघं पायवाटेनं गेले, अन सारी वस्ती असा श्वास सोडून बसली जसे सारेच पेपर देऊन आले.

चैतात बोरिंगची गाडी आली. लोखंडी, मोठी, धुराडं सोडत. जानराव धावत सडकेवर गेला, हात दाखवून थांबवली. अमरसिंग म्हनून डायवर होता, भला मानूस. जानराव म्हने, "आमच्या वस्तीकडं वळायचं ना जी?"

"कोनती वस्ती?" त्यानं नाव आयकलं, सोबतच्याले इचारलं. "नाही बाबा. आमी किन्हीराजाच्या अंगाले चाललो. तुमच्या वस्तीत पानी भरपूर हाये म्हने. ते दिल्लीचे पोट्टे पाहून गेले ना, त्यायनंच सांगतलं."

गाडी गेली. जानराव सडकेवर उभा राह्यला तो राह्यलाच. धूळ बसली तरी उभा.

घरी आला तवा लिलाबाई राखेनं भांडे घासून राह्यली होती. त्यानं तिले सांगतलं. तिनं आयकलं अन म्हने, "मंग पास झाली असन ते."

"हो. झाली असन."

"चांगलं झालं मामाजी. पानी पडेपर्यंत काढू आपन."

त्या रातभर तो ह्या कुशीवरून त्या कुशीवर. सकाळी धुतलेलं धोतर नेसला, डोक्यावर पागोटं बांधलं, भागिरथेले म्हने, "तालुक्याले जाऊन सांगतो. आमी लबाड बोललो, रांजन उसने होते." आसेगावच्या स्टँडवर येऊन बसला. गाडी आली, लोक चढले. कंडक्टर म्हने, "चढता का बुढोबा?" जानरावानं एक पाय पायरीवर ठेवला. अन त्याच्या मनात आलं: आपन सांगतलं का वस्तीनं फसवलं, त ते लोक म्हनतीन, मंग ह्या पोरीनं पाह्यलं काय? साऱ्या दिल्लीत तिचं हसू होईन. पास झालेली पोरगी नापास करतीन. त्यानं पाय खाली घेतला. एस.टी. गेली. तो घरी परत आला अन पागोटं सोडून ठेवलं.

जेठ लागला. सकाळची येळ. लिलाबाई खाली, भागिरथा वर. एक गुंड भरून वर आला, भागिरथेनं तो बाजूले ठेवाले पाठ फिरवली. रेतीनं आवाज बी केला नाही, बाप्पा. भागिरथा वळली त तिथं खड्डाच नव्हता. सपाट नाला होता.

हातानं खोदलं लोकायनं. नखं निघाले भागिरथेचे. रंगराव फावडं घेऊन धावत आला, त्याचे गडी आले, हौसाबाई आली. जानराव खोदत होता अन एकच बोलत होता, "टेकू नको म्हटलं होतं तिले, टेकू नको म्हटलं होतं." काढली तवा तिची मूठ बंद होती, मुठीत वाटी.

शेषराव मास्तर दुपारी आला. माती देऊन झाल्यावर त्यानं बापाले इचारलं, "बाबा, हापशी काहून नाही आली?" जानरावानं सारं सांगतलं. परीक्षा, रांजन, रंगरावाची बंडी, एस.टी.ची पायरी. काही लपवलं नाही. शेषराव आयकत राह्यला. मंग म्हने, "सारी जिंदगी मले म्हनत आले का खरं लिव, चुकलं तरी चालन." एवढंच बोलला. दिवाळीले आला नाही. त्यानंतर बी कधी आला नाही, मायले पैसे धाडते फक्त.

अन ते दिवाळी सरल्यावर सुगंधा आली. एकटीच, हातात पेढ्याचा पुडा. लांबूनच ओरडली, "बाबा! पहिली आले मी! साऱ्या वर्गात पहिली!"

जानराव उठला. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "शाबास पोरी," म्हने. पेढा तोंडात टाकला, चावत राह्यला.

"लिलाताई कुठे आहे? तिला आधी द्यायचा होता."

"माहेरी गेली हाये," जानराव म्हने.

घरातून भागिरथेचा आवाज आला. "काहून? अजून काहून? एका पेपरात किती खोटं लिवान तुमी?" ते बाहेर आली. तिनं त्या पोरीचा हात धरला अन चालत नाल्यावर घेऊन गेली. तिथं बसवून सारं सांगतलं. शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही. सुगंधा आंधी समजल्यासारखं करत होती, मंग तिले समजलं. तिनं रेतीवर हात टेकले. "मी हसले होते," एवढंच म्हने. "तिनं विचारलं, बसवतील का, आणि मी हसले."

भागिरथा म्हने, "तू हसली, हे गप बसले, मी दोर धरला. कोनाकोनाचं काढू?"

पोरीनं दिल्लीले जाऊन त्या संस्थेले सांगतलं म्हने, का माही परीक्षा खोटी होती, परत या. पन त्यायचं इकडचं काम सरलं होतं. ते कोन्या दुसऱ्या देशात गेले होते, तिथंबी दुष्काळच होता. मंग तिनं दुसरे दरवाजे ठोकले, अन दोन-तीन वर्सानं वस्तीत हापशी आली. आता दिवसभर तिचा आवाज येते, तुले जाताना आयकू येईन. रंगरावाची पोट्टी बी तिथंच पानी भरते.

जानराव हाये अजून. डोळ्यानं कमी दिसते, पन पाऊलवाटेनं कोनी पिशवीवाला पोरगा आला का त्याले बरोबर समजते का हा शिकनारा हाये. वळनावरच्या बाभळीखाली बसून राहते. तुले बी बोलावन. पाठीवर हात ठेवून एकच गोष्ट इचारन, "बाबू, पेपर कसा गेला?" सारेच पोट्टे त्याले बरं वाटावं म्हनून सांगतात, चांगला गेला बाबा, मस्त गेला. अन त्याचं तोंड उतरते. कोनाच्या ध्यानात येत नाही काहून. दिवसभर मंग जेवत नाही तो, भागिरथा इथं येऊन सांगून जाते.

घे, चहा घे. ऊन उतरलं, निघ आता. माही एवढीच इनंती हाये बाप्पा, त्यानं इचारलं त त्याच्यापाशी घडीभर बसजो, अन तुहा पेपर जसा गेला असन, तसाच त्याले सांगजो.